वाढलेलं जीएसएसजी रॅटमधलं की ट्यूबमधलं?

रॅटच्या रक्तात ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएसजी, वाढलेलं दिसलं की लगेच 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' (पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण) लिहून मोकळं होऊ नका. आधी सॅम्पल कसं घेतलं ते बघा.

हिशोब सोपा आहे. रक्तात ऑक्सिडाइज न झालेलं ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएच, १००० मायक्रोमोलर आणि जीएसएसजी ३ धरू. हाताळताना २ टक्के जीएसएच ऑक्सिडाइज झालं तर २० मायक्रोमोलरचं १० जीएसएसजी होतं, कारण दोन रेणू मिळून एक बनतो. ३ चे १३ झाले, जीएसएच-जीएसएसजी गुणोत्तर ३३३ वरून ७५ वर आलं, आणि प्राण्याला काहीच झालेलं नाही.

खरा घात ॲसिड करतं. प्रथिनं खाली बसवायला ते थेट रक्तात घातलं की ऑक्सिहिमोग्लोबिन बिघडतं आणि जीएसएच ऑक्सिडाइज होतं. म्हणून ॲसिडच्या आधी एन-इथाइलमॅलिमाइड, आपलं एनईएम; ते जीएसएचच्या सल्फरला चिकटतं, मग ते ऑक्सिडाइज होत नाही. ६२.५ मिलिग्रॅम १० मिली फॉस्फेट बफर सलाइनमध्ये विरघळवलं की ५० मिलिमोलर होतं. पीएच ७ ठेवा, त्यातच ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घाला आणि रोज ताजं बनवा. अल्कलाइन बफरमध्ये एनईएमची रिंग उघडते. द्रावण ट्यूबमध्ये आधीच हवं. रक्त तेवढंच घालायचं, ट्यूब हलक्या हाताने ८-१० वेळा उलटीपालटी करायची, ५ मिनिटं थांबायचं, मगच ॲसिड. एनईएममध्ये काटकसर नको: रॅटच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा-१२५ जागी जादा सिस्टीन (सल्फरवालं अमिनो आम्ल) आहे, बरंचसं एनईएम तिथेच खर्ची पडतं.

एलसी-एमएसवर (घटक कॉलममध्ये वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) जीएसएच-एनईएम ४३३ या वस्तुमानाला दिसतं. पीक दुहेरी आली तर कॉलम बदलायला धावू नका. त्याचे दोन डायास्टेरिओमर (अणू तेच, अवकाशातली मांडणी वेगळी) असतात, दोन्ही पीक मिळून मोजा. एन्झाइम रिसायकलिंग पद्धत असेल तर मात्र उरलेलं एनईएम काढावंच लागतं, कारण जीएसएसजीचं परत जीएसएच करणारं, त्या पद्धतीतलं एन्झाइम ग्लुटाथायोन रिडक्टेस ते बंद पाडतं.

शंका राहिली तर रक्त घेताक्षणी, एनईएमच्या आधी, जड आयसोटोप घालून बनवलेलं, ३ डाल्टन जड जीएसएच थोडं घाला. नेहमीच्या जीएसएसजीच्या ६१३च्या जोडीला ६१६ उगवलं, तर ते जीएसएसजी तुमच्या ट्यूबमध्ये तयार झालंय.

टिश्यूत मूत्रपिंड सर्वांत नाजूक, कारण ग्लुटाथायोन तोडणारं एन्झाइम, गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज, तिथे भरपूर असतं. लिक्विड नायट्रोजनमध्ये गार केलेल्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यात दाबून गोठवा आणि गोठलेलंच कुटा. पुण्याच्या पावसाळ्यात खलावर लगेच दव धरतं, त्याने वजन चुकतं. वजन आधीच गार केलेल्या, झाकणाच्या ट्यूबमध्ये करा. आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्या दिवशी हे काम ठेवूच नका.