आमची वाटचाल : पहिल्या फोनपासून

एका मशीनवर छपाईचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मोठ्या ग्राहकांची यादी नाही, की नाव सांगताच कुणी ओळखावं अशी ख्याती नाही. जो तो सांगायचा, आधी ऑफिस चकाचक करा, माणसं तेच बघतात. केलं. काचेचं दार आलं, सोफा आला, भिंतीवर नमुने लागले. छान दिसतं, नाही असं नाही. पण त्यामुळे कामं वाढली असं काही म्हणवत नाही. माणूस आमच्या दारापर्यंत येतो तोवर त्याचं निम्मं मत बनलेलं असतं. त्याने फोन केलेला असतो, फाइल पाठवलेली असते आणि उत्तराची वाट पाहिलेली असते.

म्हणून फोन सोफ्याजवळून उचलला आणि थेट मशीनजवळ नेला. चौकशीचं उत्तर ज्याला काम कळतं त्यानेच द्यायचं. मागून मशीनचा खडखडाट ऐकू येतो, येऊ दे. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ साली अमेरिकी कंपन्यांची एक पाहणी छापली होती. ऑनलाइन चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांचं त्या ग्राहकाशी खरं बोलणं सुरू होण्याची शक्यता, त्यापुढे एखादा तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास सातपट निघाली. मात्र ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ हा आपोआप जाणारा मेसेज मी उत्तरात धरत नाही. त्यातून एवढंच कळतं की आमचा कॉम्प्युटर चालू आहे.

कोटेशनचा क्रमही विचार करून लावला. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एका माणसाचं वर्णन सहा शब्दांत केलं होतं : हुशार, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच शब्द उलट्या क्रमाने ऐकवले. माणूस तोच, पण हुशारीपासून ऐकणाऱ्यांचं मत बरंच चांगलं झालं. आमच्या कोटेशनमध्ये आधी ग्राहकाचं काम आम्हाला कसं समजलं ते येतं, मग कागद, मग तारीख, मग दर. आगाऊ रकमेची अट शेवटी, पण ठळक अक्षरात.

नमुन्याच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. खास भारी कागदावर, निवांतपणे काढलेला नमुना आम्ही पाठवत नाही. चालू कामातलाच एक तुकडा उचलतो. तो हातात आला की माणूस आधी वाचत नाही. अंगठ्याने कडा चाचपतो, उजेडात तिरपा धरतो, घडीवरून नख फिरवतो. जाड कागदाला क्रीजिंग न करता, म्हणजे घडीच्या रेषेवर आधी दाबून खाच न पाडता, घडी घातली की शाई तडकते आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की मग बोलण्यात कितीही साखर पेरा, उपयोग नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला तो रंगावरून. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून बनतो. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया. स्क्रीनवरचे काही झगझगीत निळे-हिरवे या चार शायांतून निघतच नाहीत. हे पहिल्याच बोलण्यात सांगायचं, असं मी ठरवलं. विक्री पाहणारा सहकारी वैतागला, ‘साहेब, पहिल्याच फोनवर नकारघंटा कशाला?’ त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं; काहीजण ‘दुसरीकडे होईल’ म्हणून जातात. जातात ते जातात. जे थांबतात त्यांना आम्ही दोन पर्याय देतो : जवळात जवळचा रंग, किंवा त्या एका रंगासाठी वेगळी तयार शाई, जिचा खर्च वाढतो. हे ऐकून घेतलेला ग्राहक प्रूफवर, म्हणजे छपाईआधी मंजुरीसाठी दाखवलेल्या प्रतीवर, सही करताना घासाघीस करत नाही, असा आमचा तरी अनुभव आहे.

आता दुसरं मशीन आलंय आणि मशीनवरच्या माणसाला फोन घ्यायला फुरसत नसते. चौकशीसाठी नवीन मुलगी घेतली आहे. पण तिला अजून फोन दिलेला नाही. सध्या ती कटिंग आणि बाइंडिंगला बसते, कुठलं काम कुठे अडतं ते बघते. फोन त्यानंतर.