पासवर्ड बदलला आणि रिपोर्ट झोपला

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन, डॅशबोर्डवर अजून गेल्या आठवड्याचेच आकडे का दिसतायत म्हणून. बघतो तर काय, डेटाबेसचा पासवर्ड मीच बदललेला, आणि पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये (रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) डेटा सोर्स सेटिंग्जमध्ये जाऊन नवा टाकलेला, पण ते क्रेडेन्शियल्स, म्हणजे युजरनेम-पासवर्ड, आपल्याच मशीनवर राहतात ना, रिपोर्ट पब्लिश केला तरी सोबत जात नाहीत, ऑनलाइन सर्व्हिसमध्ये वेगळे भरावे लागतात! त्यात शेड्युल्ड रिफ्रेश, म्हणजे ठरल्या वेळी डेटा आपोआप ताजा होणं, लागोपाठ ४ वेळा फेल झाला की तो आपोआप बंदच होतो, म्हणजे पासवर्ड टाकूनही परत चालू करायचा. आता रिपोर्टसाठी फक्त वाचायचे अधिकार असलेला वेगळा युजरच मागितलाय, डेटाबेस सांभाळणारा डीबीए कुरकुरतोय, कुरकुरू दे.