एकशे साठ तार

आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर आजही 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी अक्षरे आहेत. दर काही वर्षांनी रंगारी ती नव्याने गिरवतो, परंतु त्यांतील पहिले दोन शब्द तिथे कसे आले, हे आज शाळेत शिकणाऱ्या मुलांना कोणी सांगत असेल असे मला वाटत नाही. अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे समितीने कळवले, तेव्हा मला सर्वांत आधी ते दोन शब्दच आठवले आणि त्यांच्या पाठोपाठ हाताने सूत कातायच्या टकळ्यांची ती लाकडी पेटी.

महात्मा गांधींच्या नई तालीम या शिक्षण योजनेने आपल्या भागात धारण केलेले नाव म्हणजे जीवन शिक्षण. योगायोग असा की, त्या योजनेचा जन्मही एका शाळेच्या महोत्सवातच झाला. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयाच्या, रौप्यमहोत्सवानिमित्त २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली आणि गांधीजी तिचे अध्यक्ष होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि सारे विषय एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, असे तिथे ठरले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने तो मान्य केला आणि सेवाग्रामात आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने त्यासाठी पुढची अनेक वर्षे वेचली.

मी १९५६ साली पहिलीत आलो तेव्हा शाळा स्कूल बोर्डाची होती. जिल्हा परिषद १९६२ साली आली. कताईचा तास रोज असे. पेटीत पितळी चकतीच्या चाळीस-पन्नास टकळ्या होत्या, त्यांतील निम्म्यांच्या काड्या वाकलेल्या होत्या आणि उरलेल्यांचा उपयोग गुरुजींची पाठ वळताच भोवऱ्यासारखा होई. त्या पेटीतील एकही टकळी कोणा एकाची नव्हती. हाताला येईल ती घ्यायची आणि एकाच टोपलीतील पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या वाती, उचलायचे. ज्या गावात पाणवठे वेगळे होते आणि विहिरीवर कोणी कोठे उभे राहायचे हे ठरलेले होते, त्या गावात आम्ही सर्व आळ्यांची मुले एकमेकांच्या घामाने ओलसर झालेले पेळू हाताळत होतो. वर्ग झाडण्याची पाळीही हजेरीपटाच्या क्रमाने येई, घराण्याच्या क्रमाने नव्हे. या गोष्टीवर गुरुजींनी कधी व्याख्यान दिले नाही, आणि आम्हालाही त्यात काही विशेष घडते आहे असे तेव्हा वाटले नाही.

आपल्या सातारा भागात गांधीजींचे नाव निर्विवादपणे घेतले जात असे, असे मात्र कोणी समजू नये. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. १९४३-४४ च्या रात्री रानात काढलेली माणसे आमच्या घरी चहाला येत, आणि त्यांना नातू टकळी फिरवताना दिसला की त्यांच्या मिशा हलत. सुताने का कुठे राज्य येते, असा त्या हसण्याचा अर्थ असे. तरीही मुलाला कताईच्या तासाला बसवू नका, असे सांगायला त्यांच्यापैकी कोणी शाळेत आल्याचे मला आठवत नाही.

गुरुजी गणित टकळीवरच शिकवत. शिक्षण खात्याच्या भाषेत त्याला समवाय पद्धती म्हणत. एक तार चार फुटांची, एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. मग एका गुंडीत सूत किती वार? उत्तर आठशे त्रेपन्न वार आणि एक फूट. पुढे मी सूतगिरणीत नोकरीला लागलो आणि गिरणीची लड आठशे चाळीस वारांची असते, हे पहिल्याच आठवड्यात कळले, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. गिरण्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसाची गुंडी आणि मँचेस्टरचे माप यांत जेमतेम तेरा वारांचा फरक होता.

नोकरीमुळेच मला योजनेच्या मर्यादाही दिसल्या. मुलांच्या कामातून शिक्षकांचा पगार हळूहळू निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. आमच्या सुतातून खडूचा खर्चही निघाला नसता. सातवीपर्यंत इंग्रजी नको, हा आग्रह ज्यांच्या घरी इंग्रजी येत होते त्यांना परवडणारा होता. माझी इंग्रजी आठवीत सुरू झाली आणि ती उणीव मी पुढे चाळीस वर्षे सहीपुरत्या इंग्रजीने भरून काढली. पालकांनी योजनेकडे पाठ फिरवली यात मी त्यांना दोष देत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली 'कार्यानुभव' हा विषय सुचवला खरा, परंतु माझ्या मुलांच्या वेळेपर्यंत तो आयांनी रात्री जागून केलेल्या शोभेच्या वस्तूंवर येऊन ठेपला होता.

अर्थात घरच्यांकडून काम करून घेण्यात मी आधीच्याच पिढीतला, हे कबूल केले पाहिजे. १२ फेब्रुवारीला, गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, स्वतः कातलेली एक गुंडी 'सूतांजली' म्हणून अर्पण करावी, असे विनोबांचे आवाहन असे. मी सहावीत असताना माझी गुंडी एका लटीने कमी पडत होती. आजीचे माहेर शिराळ्याकडचे. बिळाशीच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या दिवसांत ती कातायला शिकली होती. मी तिच्याकडून एकशे साठ तार कातून घेतले आणि माझ्या सुतात बेमालूम गुंफले, निदान मला तसे वाटले.

गुरुजींनी गुंडी हातात घेतली, डोळे न उघडता बोटांतून फिरवली आणि आजीची लटी जिथे सुरू होत होती नेमके तिथे थांबले. सुताचा नंबर जितका मोठा, तितके ते बारीक. "इथून पुढचं सूत वीस नंबरचं आहे," ते म्हणाले, "तुझा हात अजून आठावर आहे. कोणी कातलं?" मी सांगितले. त्यांनी ती लटी वेगळी काढली, नोंदवहीत माझ्या नावापुढे ४८० लिहिले आणि खालच्या ओळीत, जिथे फक्त विद्यार्थ्यांची नावे असत तिथे, आजीचे पूर्ण नाव लिहून पुढे १६० चा आकडा घातला. "आजींना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, त्यांच्या तीन लट्या बाकी आहेत."

हा निरोप मी भीत भीतच दिला. शाळेची पायरी कधीही न चढलेली माझी आजी त्या दिवसापासून जेवणे आटोपली की कंदिलापाशी टकळी घेऊन बसू लागली, आणि मीही तिच्यासमोर बसू लागलो, कारण माझीही एक लटी बाकी होती. १२ तारखेला आमच्या शाळेतून सूतांजलीचे गाठोडे गेले, त्यात आजीची पूर्ण गुंडी होती. माझी बावीस तारांनी राहिली.