आमची वाटचाल : पॅटर्न शॉपपासून साडेचार इंची तोफेपर्यंत

पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी केलेला लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या आबांनी आयुष्यभर हेच काम केलं. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन तयार करून दाखवलं, त्या गावात फाउंड्री आणि पॅटर्न मिस्त्री या दोघांनाही काम कमी पडत नसे. इंजिनाचे हेड, उसाच्या चरकाची चाकं, पंपाचे केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉड्या असं सगळं आधी आमच्याकडे सागवानात व्हायचं आणि मग लोखंडात.

या धंद्यातली पट्टीसुद्धा वेगळी असते. बीड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, अॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त आणि पोलाद जवळजवळ २० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मिस्त्रीच्या पट्टीवरचा मीटर बाजारातल्या मीटरपेक्षा लांब असतो. धातू बदलला की पट्टी बदलायची. आबा मला आधी या पट्ट्या ओळखायला शिकवायचे, रंधा फार उशिरा हातात मिळाला. आज आम्ही मॉडेलं बनवायचं जे काम करतो त्याची सगळी मुळं त्या पट्ट्यांत आहेत, असं मी मनापासून मानतो.

पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मोठ्या फाउंड्र्या वाढल्या, मोटारीचे सुटे भाग निघू लागले, आणि लाकडी पॅटर्नची जागा सीएनसीवर कापलेल्या धातूच्या पॅटर्ननं घेतली. त्यात चूक काही नव्हती. लाखभर नग काढायचे तर लाकूड टिकत नाही. पण आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या शॉपला तेवढी मशिनरी घेणं शक्य नव्हतं. त्या काळात एका पंपवाल्या मालकांनी प्रदर्शनासाठी त्यांच्या पंपाचं कापून दाखवलेलं मॉडेल मागितलं, म्हणजे आतला इंपेलर, पाणी ढकलणारं चाक, दिसेल असं. आम्ही ते केलं. मग इंजिनिअरिंग कॉलेजांची मॉडेलं आली, कारखान्यांच्या प्रतिकृती आल्या. मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शॉपमध्ये आली आणि ड्रॉइंगचं काम तिनं हातात घेतलं. त्याच सुमारास फ्लेक्समुळे बोर्ड रंगवायचं काम बंद पडलेले एक पेंटर आमच्याकडे आले. ट्रकच्या बॉडीपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळं रंगवलेला माणूस. त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो.

तोफेचं काम आलं ते माजी नौसैनिकांच्या एका गटाकडून. आमच्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी कोणीतरी फौजेत. नौदलात गेलेलेही पुष्कळ. या मंडळींना आपल्या सभागृहात ठेवायला 'नीलगिरी' वर्गाच्या जहाजावरच्या पुढच्या तोफेची प्रतिकृती हवी होती, आणि काचेच्या पेटीत मावणारी छोटी अजिबात नको होती. पोरांना तिच्याजवळ उभं राहून आत डोकावता आलं पाहिजे, ही त्यांची अट.

'नीलगिरी'बद्दल थोडं सांगायला हवं. ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही फ्रिगेट. २३ ऑक्टोबर १९६८ ला ती पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झाली. तोवर एवढी मोठी युद्धनौका आपल्याकडे बांधली गेली नव्हती. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी आल्या. या साऱ्यांच्या नाकासमोर एकच जोडतोफ होती : साडेचार इंची, मार्क ६. दोन नळ्या, प्रत्येकीचा आतला व्यास ११३ मिलिमीटर आणि लांबी व्यासाच्या ४५ पट, म्हणजे पाच मीटरच्या थोडी वर. गोळा २५ किलोच्या आसपास. नळ्या ८० अंशांपर्यंत वर जात, म्हणजे समोरचं जहाज आणि डोक्यावरचं विमान दोन्ही टप्प्यात.

प्रमाण आम्ही १:५ ठरवलं. नळी एक मीटरची, तिचं भोक साडेबावीस मिलिमीटरचं. इथेच आबांची पट्टी आठवली. प्रत्येक माप पाचाने भागत बसलं की कुठेतरी घोटाळा होतोच, म्हणून आम्ही स्टीलची एक पट्टीच १:५ ची आखून घेतली. तिच्यावर 'एक मीटर' म्हणजे प्रत्यक्षात २०० मिलिमीटर. शॉपमधला प्रत्येक जण खऱ्या तोफेच्या मापात बोलू लागला. "दार दीड मीटरचं घे," असं म्हणायचं आणि पट्टीवर बघून कापायचं.

मापं मिळवणं हे मात्र अवघड काम होतं. मूळ जहाजं निवृत्त होऊन गेलेली. पण हीच मार्क ६ जोडतोफ ऑस्ट्रेलियाच्या 'व्हँपायर' या विनाशिकेवर आजही आहे, एक नाही तीन. ते जहाज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवलंय. माझा भाचा सिडनीत नोकरीला आहे. त्याला सांगितलं, तिकीट काढून जा आणि प्रत्येक फोटोत मापाची टेप दिसू दे. तो आपल्या बायकोला घेऊन गेला आणि दोघांनी मिळून बिजागरी, कड्या, पायऱ्या, झडपा असं सगळं टिपून पाठवलं. शिवाय बाजूनं काढलेल्या फोटोत नळीची लांबी आपल्याला माहीतच असते, त्यामुळे नळीलाच फूटपट्टी धरून बाकीची मापं काढता येतात. मुलीनं तसं रेखाटन केलं. मग या तोफेवर प्रत्यक्ष काम केलेले एक निवृत्त चीफ पेटी ऑफिसर, ज्यांना सगळे चीफ साहेब म्हणतात, त्या रेखाटनावर लाल पेन घेऊन बसले. आपल्या जहाजावर कुठली पेटी वेगळी होती, कुठली कडी नव्हती, हे त्यांनी एकेक करून खुणावलं. हात जिथे रोज पडायचा ती जागा त्यांना अजून पाठ होती.

नळ्या अॅल्युमिनियमच्या जाड पाइपातून लेथवर काढल्या. एक मीटर लांब आणि पुढे निमुळती होत जाणारी वस्तू दोन सेंटरमध्ये धरली की मधे थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. त्यामुळे टेलस्टॉक, म्हणजे लेथचं मागचं टोक, सरकवून निमुळता आकार घेतला आणि मधे स्टेडीचा, म्हणजे टेकूचा, आधार ठेवून हलका हलका कट मारला. तोफघर मरीन प्लायच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवून केलं. वेल्डिंगच्या रेषा एपॉक्सी पुट्टीच्या, बोटानं ओढलेल्या. कोपऱ्यातल्या गोलाईला पॅटर्न शॉपमध्ये आम्ही फिलेट म्हणतो, ती मेणात भरायची हातोटी इथे जशीच्या तशी कामाला आली.

खऱ्या तोफेत मागची बाजू, म्हणजे ब्रीच, इतकी जड असते की आस मागे असूनही नळी तोलून राहते. आमच्या मॉडेलमध्ये तसा तोल आपोआप येणार नव्हता, म्हणून ब्रीचच्या आत शिसं भरलं. नळ्या वरखाली करायला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्यानं फिरणारं चाक, बसवला. हँडल सोडलं तरी नळी जिथल्या तिथे थांबते, कारण वर्म उलटा फिरत नाही. लहान मुलं हाताळणार असतील तर यापेक्षा सुरक्षित रचना मला माहीत नाही. छप्पर उचलून ठेवता येतं. आत दोन ब्रीच, गोळा ठेवायचे ट्रे, बसायच्या जागा आणि खालून गोळा नि काडतूस वेगवेगळं वर आणणारे हॉइस्ट दिसतात.

सगळं जुळलं, प्रायमर बसला, एकसारखा करडा रंगही मारून झाला. चीफ साहेब आले, चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "मालक, माप बरोबर आहे. पण वजन कुठाय?"

खरी तोफ तिच्या घरासकट ४५ टनांच्या घरात. १:५ मध्ये लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाचाने घटतात, म्हणजे वजन सव्वाशेपट कमी. सगळी पोलादात केली असती तरी ३६० किलो. आमची तर चौघं सहज उचलतात. मग ते वजन आणायचं कुठून? रंगातून. पुढचं सगळं काम मामांचं, आणि या पूर्ण प्रवासात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यांनीच.

त्यांनी आधी कडांची धार घालवली. जहाजावर रंगावर रंग चढत राहतो. गंज ठोकून काढायचा, प्रायमर, मग पुन्हा करडा, असं वर्षानुवर्षं. त्यामुळे खऱ्या पोलादाची कड कधी चाकूसारखी दिसत नाही, रंगाच्या थरांनी ती बोथट झालेली असते. आमच्या कडा नव्या कोऱ्या होत्या, म्हणून तोफ पत्र्याची वाटत होती. मामांनी सर्फेसरचे, म्हणजे रंगाखालच्या जाड लेपाचे, जादा थर देऊन, पाण्याच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून प्रत्येक कड मऊ केली. ब्रश मात्र त्यांनी मोठ्या भागावर लावू दिला नाही. ब्रशच्या केसांच्या रेघा पाचपट जाड दिसतात आणि डोळा लगेच प्रमाण ओळखतो. सगळं स्प्रे गननं.

करडा रंग ट्यूबलाइटखाली ठरवायला ते तयार नव्हते. चार-पाच छटांचे तुकडे करून दुपारच्या उन्हात भिंतीला टेकवले आणि चीफ साहेबांना दुरून बोट दाखवायला लावलं. चकाकी जवळजवळ काढून टाकली, कारण चकाकी वस्तू लहान करते. छपरावर उन्हानं उडालेला फिकट थर, उभ्या बाजूंवर मूळ रंग आणि नळ्यांच्या खाली, बिजागरीच्या मागे, डेकला टेकते त्या गोल फटीत गडद छटा. ती खालची फट काळोखी झाली त्या दिवशी तोफ जमिनीवर बसली. तोवर ती ठेवल्यासारखी दिसत होती.

गंजावरून मात्र मामा आणि चीफ साहेब यांची चांगलीच जुंपली. ट्रक रंगवलेल्या हाताला गंज सुंदर वाटतो, आणि तो आमच्या मामांसारखा फार थोड्यांना काढता येतो. चीफ साहेबांचं म्हणणं, गंजलेली तोफ म्हणजे तोफचीची इभ्रत गेली. माझ्या मते बरोबर चीफ साहेबच होते, आणि मामांनीही ते मानलं. पाणी निथळायच्या भोकांखाली दोन बारीक ओघळ, एवढाच गंज राहिला. त्याऐवजी नळ्यांच्या तोंडाजवळचा रंग तापून तपकिरी झालेला दाखवला. गोळाबारीच्या सरावानंतर तो तसा व्हायचा, असं चीफ साहेबांनी सांगितलं. नळ्या वरखाली होतात त्या फटींवरची कापडी आवरणं खऱ्या कापडाची शिवली आणि पातळ रंगात बुडवून वाळवली.

ब्रीचला रंग लावलाच नाही. तिथे खरं पोलाद वापरलं, घासून, तेलाचं बोट फिरवून. उघड्या पोलादाची जागा कुठलाही चंदेरी रंग घेऊ शकत नाही.

तोफ सभागृहात बसली त्याला आता बराच काळ झाला. नळ्या, छप्पर आणि पाया वेगळे करून नेली, कारण दरवाजा किती रुंद आहे हे आम्ही ऑर्डर घेतानाच मोजून ठेवलं होतं. वर्मला वर्षातून एकदा ग्रीस आम्ही स्वतः जाऊन भरतो. त्याचे पैसे घेत नाही.

त्या कामामुळे शॉपचं स्वरूपच बदललं. पॅटर्न अजून करतो, दुरुस्तीचे आणि एखाद-दुसऱ्या नगाचे, पण घर चालतं मॉडेलांवर. सध्या बाकावर बोफोर्सची ४० मिलिमीटर एल/६० तोफ आहे, 'विक्रांत' १९६१ ला नौदलात आली तेव्हा तिच्यावर होती ती. साडेचार इंचीच्या मानानं लहान, पण उघडी, म्हणजे झाकायला काहीच नाही. चार-चार काडतुसांच्या क्लिपा वरून भरायच्या, तोंडाला शंकूसारखी टोपी, आणि नळीभोवती मोठी स्प्रिंग, जी लांबून सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. ती स्प्रिंग आम्ही लेथवर मँड्रेलभोवती, म्हणजे एका गोल दांड्याभोवती, तार गुंडाळून काढतोय. तार सोडली की थोडी उलगडते आणि व्यास वाढतो, म्हणून मँड्रेल मुद्दाम बारीक घ्यावा लागतो. किती बारीक, याची नवी पट्टी मुलगी सध्या बनवते आहे.