दोन वाजून पंधरा मिनिटे

मंगळवार, रात्र

आज माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. उद्या सकाळी तो दूर करण्यापूर्वी, तो कसा घडला हे येथे नीट लिहून ठेवते.

टांझानियातल्या एका गावात मी काही महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून शिकवते. येथल्या फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी काल वेळेवरची उदाहरणे दिली होती. बस सव्वाआठला सुटते आणि दहाला पोहोचते, तर प्रवासाला किती वेळ लागला, असे त्यांतले एक. साठाहून अधिक वह्या तपासताना एका वहीत ८:१५ आणि १०:०० यांच्या जागी २:१५ आणि ४:०० हे आकडे दिसले. मुलाने उदाहरणच चुकीचे उतरवून घेतले असे समजून मी दोन्ही ओळींवर लाल रेघ मारली, ती वही पुन्हा समजावून सांगायच्या वह्यांमध्ये ठेवली आणि पुढची उघडली. खालचे उत्तर मी वाचलेदेखील नाही.

शाळेतून घरी येण्याची वाट केळीच्या बागांमधून वर चढत जाते. मोशी शहराच्या वरच्या अंगाला, किलीमांजारोच्या उतारावर हे गाव आहे. दुपारच्या ढगांत शिखर बुडून गेलेले असते. ५,८९५ मीटरांचा तो डोंगर सकाळी दिसतो आणि बहुधा संध्याकाळी पुन्हा. वाटेत गुरांसाठी केळीची पाने डोक्यावरून नेणाऱ्या एका बाईंनी मला वेळ विचारली. मी घड्याळ पाहून येथल्या किस्वाहिली भाषेत ‘सा कुमी ना रोबो’ असे म्हटले, म्हणजे शब्दशः सव्वादहा. माझ्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. उत्तर तोंडून गेले आणि मी जागच्या जागी थांबले. पिशवीतून ती वही काढून तेथेच उघडली. ‘१ तास ४५ मिनिटे’ असे उत्तर त्याने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. ते अचूक होते.

किस्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. टांझानिया विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे येथे दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच, सुमारे बारा-बारा तासांची असते, आणि म्हणूनच ही मोजणी बाराही महिने अडखळत नाही. आपले सकाळचे सात म्हणजे येथला पहिला तास, ‘सा मोजा’. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. संध्याकाळचे सात म्हणजे रात्रीचा पहिला तास. मला हे परके वाटायला नको होते, कारण पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो आणि घटिका तेथूनच मोजल्या जात. त्या मुलाने सव्वाआठचे आपल्या भाषेत सव्वादोन केले, दहाचे चार केले आणि वजाबाकी केली. दोन्ही वेळा सहा तासांनी सरकल्या, तरी त्यांच्यातले अंतर बदलत नाही. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ज्या विचारासाठी मी त्याला वर्गासमोर उभे करून शाबासकी द्यायला हवी होती, त्याच विचारावर मी रेघ ओढली.

वाईट याचेही वाटते की, ही मोजणी मला ठाऊक होती. ज्या कुटुंबाच्या घरी मी राहते, त्यानेच ती मला शिकवली. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मामांनी चर्चला निघण्याची वेळ सांगितली, तेव्हा मी सहा तासांनी चुकले होते, आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातल्या तासकाट्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचा आकडा बोटाने दाखवून मला समजावले होते. येथे मामा म्हणजे आई. दादा म्हणजे ताई आणि काका म्हणजे भाऊ; घरातली धाकटी मुलगी मला ‘दादा’ अशी हाक मारते, तेव्हा अजूनही क्षणभर मी मागे वळून पाहते. बाबा मात्र बाबाच. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचे असते; त्याचा मूळ अर्थ ‘आपले पाय धरते’ असा सांगतात, त्यामुळे ते शब्द पहिल्या दिवसापासून मनापासून उच्चारता आले. विजेच्या मीटरमध्ये पैसे भरल्यावर मिळणारे वीस आकडे भरावे लागतात. ते मोठ्याने वाचायचे काम माझ्याकडे आहे, आणि धाकटी ते दाबत जाते. मोजा, म्बिली, तातू हे आकडे मला असे येऊ लागले. पहिल्या महिन्यात मी सात आणि आठ यांची गल्लत करून दोनदा सगळे आकडे पुन्हा भरायला लावले. घरातल्या कोणीही माझ्यावर रेघ मारली नाही.

मुलांचे ओझे माझ्याहून कितीतरी जड आहे. आमच्या बिबी, म्हणजे आजी, घरात चग्गा लोकांची भाषा बोलतात. सरकारी प्राथमिक शाळेतले शिक्षण किस्वाहिलीत होते आणि तेथे गणिताला ‘हिसाबाती’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हिशेब आठवून मला घरच्यासारखे वाटले होते. मग फॉर्म वनमध्ये पाऊल टाकताच बहुतेक सगळे विषय इंग्रजीत सुरू होतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला उत्तर येत असते, परंतु प्रश्न कळत नाही. तो गप्प बसतो आणि शिक्षक त्याला कच्चा ठरवतात. काही महिन्यांसाठी आलेल्या माझ्यासारख्या स्वयंसेवकाने येथल्या शिक्षणाच्या माध्यमावर निवाडा देऊ नये, हे मला समजते. तरीही ‘क्वार्टर’ लिहिताना फळ्यावर शेजारी ‘रोबो’ आणि ‘हाफ’च्या शेजारी ‘नुसू’ लिहिणे माझ्या हातात आहे, आणि आजवर मी ते केले नाही याची खंत वाटते.

गावात सगळे मला ‘म्वालिमू’, म्हणजे शिक्षक, म्हणतात. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे राजकारणात येण्यापूर्वी शाळेत शिकवत असत, आणि लोक अखेरपर्यंत त्यांना याच नावाने संबोधत राहिले. येथे तो शब्द किती आदराने उच्चारला जातो हे रोज ऐकते, म्हणून आजची चूक अधिक बोचते.

जेवताना मी मामांना हे सगळे माझ्या मोडक्यातोडक्या किस्वाहिलीत सांगितले. त्यांनी माझ्या ताटात आणखी थोडी म्चिचा, म्हणजे आपली माठाची भाजी, वाढली आणि विचारले, “त्या मुलाला सांगितलेस का?”

नाही सांगितले. वही पिशवीत सर्वांत वर ठेवली आहे. लाल रेघ पुसली जात नाही, म्हणून तिच्या शेजारी पूर्ण गुण लिहून सही केली आहे. शाळेची घंटा साडेसातला, ‘सा मोजा ना नुसू’ला होते. त्याआधी त्याला व्हरांड्यात गाठून माफी मागायची आहे. आणि त्याची तयारी असेल, तर फळ्यावर दोन घड्याळे काढून ते उदाहरण त्यालाच वर्गाला समजावून द्यायला सांगायचे आहे, त्याला हव्या त्या भाषेत.