नाइट संपते आठला, सुट्टी कधी सुरू होते?

रुग्णालयात सिस्टर थकल्या की योगवर्ग ठेवले जातात. योगाला विरोध नाही, पण वर्ग ड्युटीनंतर ठेवला तर तो तास झोपेतूनच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था म्हटलं. म्हणून आधी रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, उघडून बघा.

सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८. यात ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवायला, एक मिनिटही ठेवलेलं नाही. वॉर्डात तीस पेशंट असतील आणि खाटेमागे दीड मिनिट धरलं, तर पाऊण तास झाला. तो सिस्टरच्या पदरचा जातो, रोज. येणारी पाळी अर्धा तास आधी बोलवा, तो अर्धा तास ड्युटीत धरा आणि वॉर्डाचे दोन भाग करून दोघींनी एकाच वेळी ओव्हर द्या. ओव्हर खाटेजवळच हवा, गंभीर पेशंटपासून सुरुवात करून. सलाईन किती उरलंय, पुढचा डोस कधी, कोणता रिपोर्ट यायचाय आणि नातेवाइकांना डॉक्टरांनी काय सांगितलंय. हे शेवटचं हमखास राहून जातं, आणि रात्रीची निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

सलग तीनच्या वर नाइट लावू नयेत. पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र हाच क्रम ठेवावा. झोप पुढे ढकलणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. नाइट करून सकाळी आठला सुटलेल्या बाईचा तो दिवस ‘ऑफ’ म्हणून मोजणं हा सरळ अन्याय आहे. तो दिवस झोपेत जातो. सुट्टी त्यानंतर मोजा, आणि निदान दोन रात्री घरी झोपायला मिळू द्या.

पहाटे ३ ते ५ ही सगळ्यात धोक्याची वेळ. त्याआधी आळीपाळीने वीस मिनिटं डुलकी घ्यावी. जास्त झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं बधिर राहतं. उठल्या-उठल्या इन्सुलिन किंवा हेपॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) सिरिंजमध्ये भरायला घेऊ नये. सकाळी नऊ-दहाला झोपायचं असेल तर रात्री दोननंतर चहा-कॉफी बंद.

अर्थात वॉर्डात एकच सिस्टर असेल तर डुलकी कुठली! भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण वॉर्डासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचमागे एक परिचारिका आहे, शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ३० टक्के जादा परिचारिका राखीव. हे राखीव मनुष्यबळ नसलं की एकीच्या तापासाठी दुसरीचा ऑफ रद्द होतो.

तोंडी तक्रार टिकत नाही. महिनाभर एक वही ठेवा: रोस्टरची वेळ, प्रत्यक्ष वॉर्ड सोडल्याची वेळ, रद्द झालेले ऑफ. महिनाअखेरीस जादा तासांची बेरीज मारा आणि मेट्रनकडे (परिचारिकांच्या प्रमुखांकडे) लेखी अर्जासोबत तीच जोडा.