पावसासकट

ऑगस्टमध्ये आपल्याकडे गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजले की न्यूझीलंडला शुक्रवार लागतो. गाण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे पाठ असतं. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात आणि बहुतेक ठिकाणी त्या त्या देशाच्या मध्यरात्री उघडतात. आपल्याकडे दिवेलागण व्हायची असते, तोवर तिकडे कोणीतरी पहिलं गाणं ऐकून मोकळं झालेलं असतं.

मी ध्वनिमुद्रित केलेला एका गायकाचा अल्बम असा उघडत होता, त्या गुरुवारी मी गोव्यातल्या बांदोड्याच्या माझ्या स्टुडिओत केबली गुंडाळत होते. पावणेसहाला गायकाचा फोन आला. त्याची धाकटी बहीण ऑकलंडला असते, ती मुद्दाम जागी राहिली होती.

"ताई, ती म्हणते पहिल्या गाण्यात पाऊस नाही."

मी म्हटलं, फोनच्या स्पीकरवर ऐकत असेल, हेडफोन लावायला सांग.

"हेडफोनच आहेत. ती म्हणते, दादा, हा तुझा आवाज नाही."

माझे हातपाय गार पडले. तो आवाज कुठला ते मला लगेच कळलं होतं. जुलैमध्ये एका रात्रीत मीच तो बनवला होता.

गायकाचं नाव इथे लिहीत नाही, पण वरातीत त्याच्या गाण्यावर नाचला नाही असा माणूस आमच्या भागात शोधावा लागेल. मूळचा फोंडा तालुक्यातलाच. वडील सुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या घुमट-शामेळ-कासाळ्यांच्या वादनात, घुमट वाजवायचे. आमच्याकडे घरातलं बोलणं कोकणीत आणि आरत्या, भजनं, नाटकं मराठीत, त्यामुळे हा मुलगा लिहायला शिकण्याआधी मराठीत गायला शिकला. पुढे मुंबई, मग ते पहिलं नाचाचं गाणं, मग तसंच दुसरं, तिसरं. बारा वर्षं काळी दोनची पट्टी, वरच्या सप्तकातली आरोळी आणि तिच्यावर यंत्राने चढवलेली चकाकी. दोन वर्षांपूर्वी स्वरतंतूंवर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने गाणं बंद. पुन्हा गायला बसला तेव्हा वरचे सूर लागेनात. खालचा षड्ज मात्र असा भरीव झाला होता की त्याच्या वडिलांची आरती ऐकलेल्या माणसाने मान वर करून बघावं.

त्याची गाणी काढणाऱ्या कंपनीला त्याचा नवा अवतार हवा होता. नवे केस, नवे कपडे, नवी छायाचित्रं, आणि आवाज मात्र जुनाच, यंत्राने वर उचललेला. त्याला हवं होतं घुमट, तंबोरा आणि आत्ताचा गळा. आठ मराठी गाणी, पट्टी पांढरी एक, म्हणजे काळी दोनपासून तीन घरं खाली.

नवा अवतार म्हटलं की लोकांना वाटतं, अंगावर काहीतरी चढवायचं. बॉब डिलन १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. साधं सोडून विजेकडे जाणं हे तिथलं धाडस होतं. आमच्या गायकाला उलट्या वाटेने जायचं होतं, आणि ती वाट मला जास्त अवघड वाटते. चकाकी उतरवली की आडोसाच राहत नाही.

जुलैमधला तो दिवस मला सविस्तर सांगायचा आहे.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. एका हाताची बोटं कातड्यावर, दुसऱ्या हाताचा पंजा उघड्या तोंडाशी, झाकत आणि सोडत. घुमटाचा घुमार त्या पंजात असतो. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. मान मिळाला तरी पावसाळ्यातल्या दमट हवेत कातडं सैल पडायचं ते पडतंच.

सकाळी दहाला काका आले. गायकाच्या वडिलांचे जोडीदार, वय सत्तरीच्या पुढे. बरोबर काठ्यांनी वाजवायचं शामेळ घेऊन एक शामेळवाला आणि कासाळ्यांवर, म्हणजे मोठ्या झांजांवर, काकांचा नातू. काकांनी घुमटावर थाप दिली तर ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज. मी आतून केस वाळवायचा ड्रायर आणला. काकांनी हात आडवा धरला.

"बाय, ह्याला शेक लागतो, वारा नाही."

मग मागच्या पडवीत करवंट्या पेटवल्या. निखारे झाले तसं घुमट त्यांच्यावरून फिरवायचं, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा फिरवायचं. तास गेला त्यात, आणि पुढे दर दोन टेकनंतर पुन्हा शेक. कंपनीने पाठवलेला मुलगा सारखा घड्याळाकडे बघत होता. मी त्याला काही बोलले नाही, पण त्या तासाचं मोल मला दिसत होतं. गायक निखाऱ्यांपाशी उकिडवा बसून काकांकडून वडिलांच्या गोष्टी ऐकत होता, आणि त्याचं बोलणंच हळूहळू खालच्या सुरात येत होतं.

माझ्या छोट्या खोलीत घुमट डब्यासारखं वाजलं, म्हणून सगळा पसारा घराच्या वसरीवर आणला. वर कौलं, समोर अंगण. पाऊस थांबलेला. एक माइक कातड्यासमोर, एक मागच्या तोंडाशी. दोन्ही उघडले तर खर्ज गायब! कारण समजायला मला दहा मिनिटं लागली. थाप पडली की कातडं आत जातं आणि मागच्या तोंडातून हवा बाहेर येते. एका माइकला ओढ मिळते त्याच क्षणी दुसऱ्याला ढकल, आणि दोन्ही मिळून एकमेकांना गिळतात. एका माइकची पोलॅरिटी, म्हणजे ओढ-ढकलीची दिशा, उलटी केली, आणि बसलेल्या सगळ्यांच्या छातीत तो घुमार उतरला. काकांचा नातू हसला. त्याने आजोबांचं घुमट हेडफोनमधून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

खरी अडचण क्लिकची झाली. आजकाल प्रत्येक गाणं कानातल्या टिकटिकीवर गातात, म्हणजे पुढे कापाकापी सोपी जाते. काकांच्या कानाला क्लिक लावला आणि चौथ्या आवर्तनाला ते पुढे निघून गेले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. कंपनीचा मुलगा म्हणाला, काकांची लय पळते. मला हे ऐकवलं नाही. आमच्याकडे गणेशचवथीची आरती पहिल्या कडव्याला जिथे असते तिथे शेवटच्या कडव्याला राहतच नाही. ती चढते, आणि ती चढावी म्हणूनच माणसं एकत्र उभी असतात. लय पळत नव्हती, क्लिक मागे पडत होता.

चार टेक फुकट गेल्यावर गायकाने स्वतःच्या कानातला हेडफोन काढून खाली ठेवला. "ताई, बंद कर ते. काकांच्या समोर बसतो."

म्हणजे गळा आणि घुमट एकाच हवेत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये. पुढे एक शब्द चुकला तरी वेगळा काढून दुरुस्त करता येणार नाही. मी हे त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, चालेल.

पहिलं कडवं झालं आणि अंगणात पाऊस कोसळला. कौलांवर, माडाच्या झावळ्यांवर, पायरीखालच्या पितळी घागरीवर. माझा हात थांबवायच्या बटनाकडे गेला. काकांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको. गायकाने डोळे मिटले होते. पावसाच्या वर आवाज काढायचा म्हणजे त्याच्या जुन्या सवयीने वरच्या सप्तकात जायला हवं होतं. तो खाली गेला. खर्जात, पावसाच्या खालून. एके ठिकाणी आवाज चिरला, त्याने तो तसाच पुढे नेला. शेवटच्या आवर्तनाला काका इतके चढले होते की कासाळ्यांच्या पोराचे ओठ आवळले गेले, आणि सगळे एका क्षणी थांबले. त्यानंतर फक्त पागोळ्या. मी एक मिनिट तसंच चालू ठेवलं. मला रडू येत होतं आणि ते माइकमध्ये जाऊ नये एवढंच मी बघत होते.

हा त्या अल्बमचा पहिला जमलेला टेक आणि पहिलं गाणं. बाकीची सात आम्ही पुढच्या आठ दिवसांत केली, त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. वाट सापडली होती.

कंपनीला ते पटलं नाही. पाऊस म्हणजे खरखर, चिरलेला आवाज म्हणजे चूक. त्यांनी तुलनेसाठी दुरुस्त केलेली प्रत मागितली आणि मी ती करून दिली. ऑटोट्यून, म्हणजे गळ्याचे स्वर ओढून सुरात बसवणारं साधन, १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधणाऱ्यांसाठी जमिनीखालून परतणाऱ्या ध्वनिलहरी वाचायचं काम करत. माझा त्या साधनावर राग नाही, मी ते नेहमी वापरते. पण त्या रात्री त्याने स्वर ओढून नेले ते पेटीच्या पट्ट्यांवर. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. गायक तंबोऱ्याच्या गंधारावर टेकला होता. दुरुस्तीने त्याला तिथून उचललं आणि एकाच गाण्यात दोन गंधार एकमेकांना घासू लागले. मग तंबोरा कमी केला. मग पाऊस गाळला. गाळताना घुमटाचा श्वासही गेला. पहाटे चारला माझ्यापुढे एक स्वच्छ, गुळगुळीत गाणं होतं, बारा वर्षांपूर्वीच्या मुलाने गायलेलं वाटावं असं.

कंपनीच्या माणसांसमोर दोन्ही प्रती वाजवल्या. गायक शांतपणे म्हणाला, "आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. साडेतीन मिनिटांची. तो सूर कोणी मागाहून ओढून बसवला नव्हता." पुढे बरीच ओढाताण झाली, शेवटी ते साध्या प्रतीला तयार झाले. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "ताई, ती दुसरी फाइल पुसून टाक."

मी पुसली नाही. ध्वनिमुद्रण करणारा माणूस काही पुसत नाही, तशीच आमची सवय. दोन्ही फाइलींचं नाव एकच होतं, फोल्डर तेवढा वेगळा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक द्यावा लागतो. दुरुस्त प्रत बाहेर जाणारच नव्हती, म्हणून तिला वेगळा क्रमांकही मी दिला नव्हता. आठ फाइली पाठवताना पहिली चुकीच्या फोल्डरातून उचलली. पाठवल्यानंतर पूर्ण ऐकायच्या, हा माझा स्वतःचा नियम. त्या दिवशी मी प्रत्येक गाण्याचा शेवट तेवढा ऐकला.

गुरुवारी संध्याकाळी सहाला मी मुंबईत वितरण बघणाऱ्या मुलीला फोन केला. ती बिचारी घरी निघाली होती, अर्ध्या वाटेतून परतली. फाइल बदलता येईल, पण गाण्यांच्या सगळ्या ऑनलाइन दुकानांपर्यंत पोचायला तीन-चार दिवस लागतील. तोवर एकतर पूर्ण अल्बम पुढे ढकलायचा, नाहीतर पहिलं गाणं काढून ठेवायचं. हे बोलणं चालू असताना साडेसात वाजून गेले, तसं सिडनीकडेही उघडलं. सिडनीहून कोणीतरी लिहिलंही, जुना आवाज परत आला, देवाची कृपा. गायकाने ते मला वाचून दाखवलं. मी त्याला म्हटलं, चूक माझी आहे, कंपनीची नाही, तुझी तर नाहीच. तो खूप वेळ बोलला नाही.

"मी तुला पुसायला सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "सात गाणी जाऊ दे. पहिलं काढ."

आपल्याकडे मध्यरात्री अल्बम उघडला तो दुसऱ्या गाण्यापासून. पहिल्याच्या जागी फिकट पडलेली ओळ, दाबली तरी न वाजणारी. चार रात्री मी ती ओळ बघत होते. मंगळवारी पहाटे ती काळी झाली. मी दाबली, पहिलं कडवं गेलं, आणि पाऊस आला. गायकाला कळवलं. उत्तरादाखल त्याने नमस्काराचं चिन्ह पाठवलं. बोलणं दोन दिवसांनी सुरू झालं.

चवथीला त्याच्या घरी आरतीला गेले होते. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधलेली, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगणं, घरात उभं राहायला जागा नाही. आरत्या संपल्यावर वाड्यावरच्या पोरांनी त्याचं ते जुनं वरातीचं गाणं मागितलं. मला वाटलं नाही म्हणेल. त्याने काकांकडे बघितलं, घसा साफ केला आणि तेच गाणं पांढरी एकमध्ये धरलं, आरतीच्या संथ लयीत. जिथे पूर्वी आरोळी असायची तिथे तो खाली उतरला. काकांनी दोन आवर्तनं नुसती ऐकली, मग घुमट मांडीवर ओढलं. पोरांना आधी ओळखूच आलं नाही. ध्रुवपद आलं तेव्हा ओळखलं आणि सगळी एकदम गायला लागली, त्याच्या पट्टीत.